नकलेबरोबर चूकही येते

फेब्रुवारी उजाडला की कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत गर्दी वाढते. गेल्या वर्षीचं कुणाचं तरी जर्नल, सीनियरची असाइनमेंट, पर्यावरण प्रकल्पाची तयार फाइल असं सगळं तिथं हातोहात फिरतं. नाव आणि रोल नंबर बदलला, स्पायरल बाइंडिंग केलं की सबमिशन झालं. यात लपवाछपवी फारशी नसते. देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. या प्रकाराला चोरी म्हणून दटावलं की विद्यार्थी मनातल्या मनात एक प्रश्न विचारतो, आणि तो वाटतो तितका उद्धट नाही. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या किंवा पानिपतच्या तिसऱ्या लढाईची तारीख कुणाच्या मालकीची आहे? ती मी उचलली तर कुणाचं काय गेलं? कायद्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं म्हणणं बरंचसं बरोबरही आहे. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलं आहे. तेव्हा मालकाच्या नुकसानीचा मुद्दा पुढे करून कुणी नकलेला वाईट ठरवायला गेलं, तर वाद विद्यार्थीच जिंकेल. खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मजकूर उचलणारा त्यातली चूकही उचलतो, आणि ती कुठून आली हे शोधायची वाट बुजवून टाकतो.

ही गोष्ट मोजूनही दाखवता येते. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मिखाइल सिम्किन आणि व्वानी रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये एक मजेदार हिशेब मांडला. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या शोधनिबंधाचा उल्लेख तोवर सुमारे ४,३०० ठिकाणी झाला होता. त्यांतल्या १९६ ठिकाणी संदर्भ लिहिताना खंडाचा, पानाचा किंवा वर्षाचा आकडा चुकला होता. प्रत्येकाने मूळ निबंध समोर ठेवून स्वतःची चूक स्वतः केली असती, तर चुका नाना तऱ्हांच्या निघाल्या असत्या. प्रत्यक्षात वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या, आणि त्यांतली एक तर ७८ ठिकाणी जशीच्या तशी होती. संदर्भाचे आकडे लिहिताना ७८ जणांचं बोट नेमकं एकाच आकड्यावर घसरेल, हे संभवत नाही. त्यांनी तो संदर्भ एकमेकांच्या यादीतून उतरवून घेतला होता. या दोघांचा अंदाज असा की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याने मूळ निबंध वाचला असावा. निबंध वाचूनही संदर्भाची ओळ दुसऱ्याच्या यादीतून घेणारे असतातच, म्हणून हा आकडा फार ताणू नये. तरी एक लक्षात घ्यावं, हे लोक एफवायची मुलं नव्हती, मान्यवर नियतकालिकांत लिहिणारे भौतिकशास्त्रज्ञ होते.

दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखं असेल तर परीक्षक काही म्हणत नाही. चुकीचं उत्तर शब्दशः सारखं निघालं की मात्र बाकांचे क्रमांक पाहतो. याच तत्त्वावर पुण्यात एक प्रचंड काम उभं राहिलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती १९६६ मध्ये पूर्ण केली. शारदा, नेवारी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधली १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांची घराणी लावली ती कशावरून? कोणत्या प्रतींत सारखीच भर पडली आहे, कुठे सारखाच श्लोक गळला आहे, कुठे सारखाच पाठ बिघडला आहे, यावरून. लेखनिकाने केलेली चूक त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत उतरते. त्यामुळे चुकांचा माग काढत गेलं की प्रतींचं नातं उलगडतं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपल्या ओठांवर असलेली कथा या आवृत्तीच्या मुख्य मजकुरात नाही. ती परिशिष्टात गेली आहे. संपादकांनी ती फेकून मात्र दिली नाही. कोणत्या प्रतींत ती आहे याची नोंद करून ती जपली. पानाच्या वरच्या भागात दोन-चार श्लोक आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची दाटी, असं त्या खंडांचं रूप आहे. संपादकांचा निर्णय ज्याला पटणार नाही त्याला तो तपासून खोडता यावा, म्हणून ती दाटी आहे. संदर्भ देण्याचं सगळं प्रयोजन तेवढंच आहे. त्याच्याही पुष्कळ आधी, शके १५०६ मध्ये म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या बिघडलेल्या प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे तिच्यात कुणी आपली ओवी घुसडू नये असं बजावून ठेवलं. त्यांना चिंता होती ती हीच, की मागून आलेलं आणि मुळातलं यांतला फरक कळायचा बंद होईल.

आता स्वयंपाकघरात येऊ. पालकात लोह भरपूर असतं, असं घराघरांत सांगतात. जरा वाचणारा माणूस त्यावर दुसरी गोष्ट सांगतो: एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह चुकलं, त्यामुळे पालकातलं लोह दसपट दिसलं आणि त्या आकड्यावर विसंबून पॉपायला पालक खायला घातला गेला. ही दुसरी गोष्ट अधिक हुशारीची वाटते, म्हणून ती अधिक फिरली. तिचा मोठा प्रसार झाला तो टेरेन्स हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेल्या एका लेखामुळे. त्यात या कथेसाठी कोणताही संदर्भ दिलेला नव्हता. पुढे शेकडो ठिकाणी ती उद्धृत झाली, आणि गंमत अशी की ‘शास्त्रात काळजी घ्यावी, नाहीतर पालकासारखं होतं’ हा धडा द्यायलाच ती बहुतेक वेळा वापरली गेली. २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञाने दशांशचिन्हाचा तो मूळ घोटाळा शोधायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचा पुरावाच सापडेना. पॉपायचं पाहिलं तर १९३२ च्या एका चित्रपट्टीत तो पालक खाण्याचं कारण जीवनसत्त्व ‘अ’ असं सांगतो. लोहाचा तिथं संबंध नाही. नॉर्वेचे ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी २०१४ मध्ये या साऱ्या प्रवासाची उकल करताना दाखवलं की विद्वानसुद्धा मूळ न पाहता दुसऱ्याचा संदर्भ उचलतात आणि दंतकथा चालू राहते. वस्तुस्थिती साधी आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह असतं, भाजीच्या मानाने ते कमी नाही, पण त्यातलं शरीरात फार थोडं शोषलं जातं. म्हणजे पहिली समजूत अर्धवट होती आणि तिची दुरुस्ती तिच्याहून निराधार. दुरुस्ती करणाऱ्यालाही ‘कशावरून?’ विचारायचं असतं, हे आपण सहसा विसरतो.

चूक गोल फिरून स्वतःचाच पुरावा कशी बनते, याचं उदाहरण एका अमेरिकन विद्यार्थ्याने पुरवलं आहे. २००८ मध्ये त्याने विकिपीडियावर कोआटी या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लेखात, याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात, अशी ओळ थट्टेने घातली. आर्डवार्क हा आफ्रिकेतला प्राणी. दोघांचं काही नातं नाही. ओळ टिकली. ती वाचून संकेतस्थळांनी आणि वृत्तपत्रांनी ते नाव वापरलं, एका विद्यापीठीय प्रकाशनाच्या पुस्तकातही ते शिरलं, आणि मग त्याच छापील मजकुराचा हवाला विकिपीडियावरच्या त्या ओळीला मिळाला. न्यूयॉर्कर साप्ताहिकाने २०१४ मध्ये हा किस्सा उघड केला, तोवर त्या प्राण्याला काही लोक खरोखरच त्या नावाने हाक मारू लागले होते. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत हमखास ऐकू येणारं मेकॉलेचं भाषण याच जातीचं. भारतभर हिंडलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, असं त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हटल्याचं सांगतात. मेकॉले १८३४ मध्येच भारतात आला होता, आणि त्या तारखेला त्याने शिक्षणाविषयीचं आपलं प्रसिद्ध टिपण सादर केलं ते इथेच, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून. जहाजाने महिनोन्महिने लागत त्या काळात तो त्याच दिवशी लंडनमध्ये बोलला कसा? हा प्रश्न सुचायला इतिहासाची पदवी लागत नाही. उताऱ्यासोबतची तारीख नीट पाहिली तरी पुरे. त्याच्या टिपणावर टीका करण्यासारखं भरपूर आहे, पण त्यासाठी ते टिपणच वाचायला हवं. व्हॉट्सअॅपवर पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर रोज जी वाक्यं खपवली जातात, तिथं मामला उलटा दिसतो: दुसऱ्याचं लेखन आपल्या नावावर घेण्याऐवजी कुणाचंही लेखन मोठ्या नावावर लावलेलं असतं. परिणाम तोच. वाक्य कुठून आलं हे कळायची सोय राहत नाही.

म्हणून प्लेजरिझमचा आणि कुतूहलाचा संबंध मला थेट वाटतो. कुतूहल म्हणजे अवकाशातली आश्चर्यं पाहून थक्क होणं, एवढाच अर्थ आपण धरतो. रोजच्या गोष्टींबद्दलचं कुतूहल त्याहून कष्टाचं असतं, कारण तिथं उत्तर आधीच मिळालेलं असतं. नागपूरचा १९०७ चा झिरो माइल दगड घ्या. हा भारताचा भौगोलिक मध्यबिंदू आहे आणि इंग्रजांनी देशातली अंतरं इथून मोजली, हे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून प्रकल्पांत आणि प्रकल्पांतून भाषणांत जात राहतं. आता नुसता विचार करून पाहा. मध्यबिंदू कोणत्या भारताचा? १९०७ च्या ब्रिटिश भारतात आजचा पाकिस्तान होता, बांगलादेश होता. ब्रह्मदेशही होता, तो १९३७ मध्ये वेगळा झाला. त्या भूभागाचा मध्य आणि आजच्या भारताचा मध्य एकाच जागी येणं अवघड. शिवाय अंदमान-निकोबार धरायचं की नाही, यावरही मध्य सरकतो. इतका विचार झाला की माणूस दगडाकडे जातो. मेट्रोचं स्टेशनच त्याच्या नावाचं आहे, जाणं कठीण नाही. तिथं १९०७ चा जीटीएस स्टँडर्ड बेंच मार्क आहे. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे, लॅम्बटन या सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासकडून सुरू केलेलं भारताचं महामोजमाप. हा लॅम्बटन १८२३ मध्ये काम करता करता वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, त्याचं थडगं तिथंच आहे. आणि बेंच मार्क असतो तो उंचीचा: समुद्राच्या सरासरी पातळीपासून ही जागा किती वर आहे, याची पक्की खूण. आसपासची उंची त्यावरून काढायची. शेजारच्या खांबावर काही शहरांची अंतरं कोरलेली आहेत, त्यामुळे अंतराची गोष्ट अगदीच हवेतली नाही. पण देशाच्या मध्याविषयी बेंच मार्क काही सांगत नाही. ‘भारताचा मध्यबिंदू’ ही ओळ उतरवणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, ना लॅम्बटन, ना समुद्रपातळी, ना ब्रह्मदेश. त्याला एक गुण मिळतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येतो. आपलं ज्ञान मौखिक, सामायिक; कीर्तनकाराने कुठे तळटीपा दिल्या? गवई तर गुरूची नक्कल करूनच शिकतो. नक्कल करून शिकणं मला पूर्ण मान्य आहे, पण त्या परंपरेत नाव गाळलं जात नाही, उलट आवर्जून घेतलं जातं. गुरूचं नाव उच्चारताना गवई कानाची पाळी धरतो, बंदिश कुणाकडून मिळाली ते सांगतो, आणि जाणकार श्रोता त्यावरून घराणं ताडतो. ज्ञानेश्वरांनी आपण व्यासांच्या मागोमाग आणि भाष्यकारांच्या आधाराने चाललो, असं ग्रंथाच्या अखेरीस नोंदवलं आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते ती याचसाठी. आणि ती असूनही ‘नामा’ या एकाच नावाखाली नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या, त्या वेगळ्या करताना अभ्यासकांना किती घाम गाळावा लागला! नाव घेण्याची शिस्त पाश्चात्त्यांकडून आली, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. फार तर तळटीपेचा छापील साचा तिकडून आला असेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला झटकून टाकता येणार नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला कॉलेजात इंग्रजीतून असाइनमेंट लिहायची असते. विषय समजलेला असतो, वाक्य जमत नाही. ती पुस्तकातलं वाक्य घेते, दोन शब्द बदलते, तिसऱ्याचा तुकडा जोडते. अमेरिकेतल्या लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात अशा ठिगळांच्या लेखनाकडे गुन्हा म्हणून न पाहता शिकण्याची एक पायरी म्हणून पाहावं, असा आग्रह धरला. मला तो रास्त वाटतो. यंत्राने काढलेली टक्केवारी नेमकी इथं फसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० ला वर्षभर बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. अवतरणं, संदर्भसूची, कायदे, प्रमाण समीकरणं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वज्ञात वाक्यं यांना सूट आहे. शब्द जुळवून पाहणारं सॉफ्टवेअर ठिगळं जोडणाऱ्या मुलीला चटकन पकडतं. पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलेला प्रबंध त्याच्या नजरेतून सुटतो, आणि इंग्रजी पुस्तकाचं गुपचूप केलेलं मराठी भाषांतरही बहुधा सुटतं. टक्केवारी शून्य आणि लेखात स्वतःचं काहीच नाही, असं सहज घडू शकतं. उलट एखादीने भाबडेपणाने पाच वाक्यं उतरवली, पण प्रत्येकापुढे ती कुठून घेतली ते लिहिलं, तर तिच्या लेखनातली चूक पुढच्याला सापडू शकते. दोघांत उजवी कोण, हे टक्क्यांवरून ठरणार नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नकलेचा प्रश्नच मिटला, असं पुष्कळांना वाटतं, कारण यंत्र प्रत्येकाला नवी वाक्यं रचून देतं. वाक्यं नवी असतात हे खरं, पण त्यांचा माग मात्र आणखी पुसट होतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सहा निकालांचे दाखले दिले. नावं होती, न्यायालयं होती, उतारेही होते. निकाल मात्र एकही अस्तित्वात नव्हता. ते चॅटजीपीटीने रचले होते. हे निकाल खरे आहेत ना, असं वकिलाने विचारलंही होतं, पण त्याच यंत्राला, आणि ते ‘हो’ म्हणालं होतं. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. वकिलाने प्रश्न विचारला हे मान्य, फक्त तो ज्याने माहिती दिली त्यालाच विचारला; कोआटीच्या गोष्टीत जे सहा वर्षांत घडलं ते इथं दोन मिनिटांत उरकलं.

राहतो कॉलेजचा प्रश्न. त्या २०१८ च्या नियमावलीतली टक्केवारी शिक्षकांना तोंडपाठ असते, पण तिच्या व्याख्यांमध्ये असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळलेल्या आहेत, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे जिथं सवय लागते तिथं ते नियम लागूच नाहीत. तिथं काय मागायचं हे शिक्षकाच्या हाती आहे. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ हा विषय साठ जणांना दिला तर साठ सारख्याच फाइली येणार, त्यात मुलांचा दोष अर्धाच. त्याऐवजी आपल्या तालुक्याबद्दल सगळे जे एक वाक्य सांगतात ते घ्या आणि ते प्रथम कुठे छापलं गेलं ते शोधा, असं सांगितलं तर जिल्हा गॅझेटिअर उघडावं लागेल, ग्रंथालयातल्या जुन्या अंकांची धूळ झटकावी लागेल, कुणा वृद्धाला विचारावं लागेल, आणि दोन फाइली सारख्या येणं अवघड होईल. शोध अर्ध्यावर अडकला तर कुठे अडकला ते लिहिलं तरी चालावं. त्याच नियमावलीत असंही म्हटलं आहे की संस्थेने लेखनातल्या प्रामाणिकपणाची तत्त्वं पदवीपासून पुढच्या अभ्यासक्रमांत सक्तीचा भाग म्हणून शिकवावीत आणि दर सत्रात त्यावर कार्यक्रम घ्यावा. सॉफ्टवेअर खरेदी करण्यापेक्षा हे कलम अमलात आणायला खर्च कमी येतो, वेळ मात्र जास्त लागतो.